‘साधी’ भाजी कुणासाठी साधी?

‘आज काही विशेष नको, साधी फरसबी-बटाट्याची भाजी कर.’ मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलं आहे. म्हणणाऱ्याला वाटतं, आपण बायकोवर उपकारच केले. पुरणपोळी थोडीच मागितली?

ही साधी भाजी कशी होते ते एकदा मांडूच. फरसबी कोवळी आहे ना, ते मोडून बघत निवडून आणायची. धुवायची. एकेका शेंगेची दोन्ही टोकं मोडून शिरा काढायच्या; एक शीर राहिली तरी ताटात बोट दाखवलं जातं. मग बारीक चिरायची. बटाटाही त्याच मापाने चिरायचा, नाहीतर एक गळतं आणि दुसरं कच्चं राहतं. चिरलेला बटाटा काळा पडू नये म्हणून पाण्यात टाकायचा. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची यांची फोडणी करून भाजी परतायची, झाकणात पाणी ठेवून वाफ आणायची. बटाटा बुडाला लागतो, म्हणून तिथून हलायचं नाही. शेवटी मीठ, कोथिंबीर आणि खवलेलं ओलं खोबरं. पाऊण तास गेला, आणि झालं काय, तर तोंडीलावणं! पोळ्या, आमटी, भात, भांडी, ओटा अजून बाकीच. सासऱ्यांना तिखट चालत नाही, मुलाला फरसबी आवडत नाही, हे डोक्यात वागवायचं ते वेगळंच.

आमच्या गटाच्या बैठकीला एक मैत्रीण नेहमी उशिरा येते. कारण विचारलं तर ओशाळून म्हणाली, ‘काही नाही हो ताई, भाजीच करत होते.’ काही नाही! पाऊण तासाच्या श्रमाला आपणच ‘काही नाही’ म्हणतो, तिथे दुसऱ्यांना काय बोलणार?

‘आता गॅस आला, कुकर आला, पुरुषही मदत करतात,’ असं सांगणारे भेटतात. त्यांनी सरकारचेच आकडे बघावेत. राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची २८९ झाली आणि पुरुषाची ८८. बाईची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषानेही स्वतःची नऊ वाचवून घेतली! आणि हा हिशेब काम करणाऱ्या पुरुषांचा. दिवसभरात घरकामाला हातच न लावणारे पुरुष शंभरात सत्तरहून जास्त आहेत.

‘मग कामाला बाई ठेवा,’ हा आणखी एक सल्ला. म्हणजे शिरा काढायच्या त्या दुसऱ्या बाईनेच, आणि घरी जाऊन पुन्हा स्वतःच्या चुलीपुढे उभं राहायचं तेही तिनेच. पुरुष दोन्ही घरांत ताटावरच.

जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या एका खटल्यात सांगितलं, की नुकसानभरपाई ठरवताना गृहिणीच्या कामाचं मोल धरलं पाहिजे. निकाल चांगलाच आहे. पण बाईच्या कामाचं मोल समजायला तिला आधी मरावं लागावं का?

परंपरेचं नाव तर कुणी सांगूच नये. बटाटा आणि फरसबी दोन्ही मूळ अमेरिका खंडातल्या. सात समुद्र ओलांडून त्या आपल्या स्वयंपाकघरात आल्या, रुळल्या. पुरुषाला मात्र बाहेरच्या खोलीतून ओट्यापर्यंत येता येत नाही, असं कसं?

आम्हाला ‘मदत’ नको. मदत परक्याच्या कामाला करतात. जो जेवतो त्याचं ते काम आहे. आठवड्यातले तीन दिवस ही भाजी घरातल्या पुरुषाने करावी. बाजारातून आणण्यापासून कढई घासण्यापर्यंत, आणि ‘मीठ कुठे आहे?’ असं न विचारता. मुलींना शिरा काढायला बसवतो, तसं मुलग्यांनाही बसवावं. आणि मैत्रिणींनो, भाजी अळणी झाली, बुडाला लागली तरी उठून हातात घेऊ नका. आपल्याही पहिल्या भाज्या लागल्याच होत्या. फरक इतकाच, की तेव्हा आपल्याला बोलणी खावी लागली होती.