हुर्यो उडाली, मजुरीचे काय?

३ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले. रोषणाईला टाळ्या पडल्या. संयोजन समितीचे अध्यक्ष, पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी भाषणास उभे राहिले तेव्हा मात्र प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणारा हा रोष रास्तच होता. पण अपुरा होता.

ज्यांनी ती बांधकामे उभारली, त्यांच्या मजुरीसाठी कोण ओरडले? याच स्टेडियमवर १९ नोव्हेंबर १९८२ रोजी आशियाई स्पर्धांचे उद्घाटन झाले होते. त्याच्या दोनच महिने आधी, त्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बजावले होते : किमान वेतनाहून कमी मजुरीत राबविणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारीच होय. तरीही २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला किमान वेतनाची पायमल्लीच आढळली.

छत्रपती संभाजीनगरच्या मजूर अड्ड्यावर सकाळी कामाच्या आशेने उभ्या राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. उद्घाटनाच्या टाळ्या वाजण्यापूर्वी हजेरीपट तपासला गेला पाहिजे. ते काम प्रेक्षकांचे नव्हे, आपले आहे.