चांगल्या शाळेलाही सोडत?

मानपाडेकरांनो, जरा लांबलचक लिहितोय, पण वाचा.

'आदर्श', 'पीएमश्री', 'सीबीएसई', 'इंटरनॅशनल'. सरकारी शाळेवर नवी पाटी लागली की आपण टाळ्या वाजवतो. वाजवा. पण ज्या शाळेवर पाटी लागली नाही, तिथल्या पोरांचं काय?

पीएमश्री योजना केंद्राने सप्टेंबर 2022 मध्ये मंजूर केली. देशभरात साडेचौदा हजार शाळा, खर्च 27,360 कोटी. नियम काय? एका तालुक्यात किंवा एका शहरी स्थानिक संस्थेत जास्तीत जास्त दोन शाळा. 2011 च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या 18 लाखांवर, कल्याण-डोंबिवलीची 12 लाखांवर. भागाकार तुम्हीच करा.

मुंबई महापालिकेने 2020 पासून सीबीएसई शाळा काढल्या. पहिली जोगेश्वरीच्या पूनमनगरात. पालकांची झुंबड उडाली, प्रवेशाला सोडत काढावी लागली. लोक याला यश म्हणतात. मी म्हणतो, शिक्षण म्हाडाच्या घरासारखं नशिबावर गेलं, ही लाजेची गोष्ट आहे.

"वाबळेवाडी बघा ना," असं कोणीतरी म्हणणारच. जरूर बघा. शिरूर तालुक्यातली ती जिल्हा परिषदेची शाळा शिक्षकांनी आणि गावाने उभी केली, पाटी मागाहून आली. राज्याने काढलेलं आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ मात्र सरकार बदलल्यावर 2020 मध्ये गुंडाळायचं ठरलं. पाटीचं आयुष्य सरकारएवढंच.

अमेरिकेत अशा शाळांना 'मॅग्नेट स्कूल' म्हणतात. 1970 च्या दशकात त्या वाढल्या, त्या काळ्या-गोऱ्यांची मुलं एका वर्गात बसावीत म्हणून. हेतू तरी स्पष्ट होता. आपल्याकडे उलटं होण्याची भीती आहे.

कसं ते सांगतो. चुंबक ठेवला की आधी जागरूक आईबापांची मुलं ओढली जातात. मागे राहतात नाक्यावरच्या मजुरांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची, येऊरच्या पाड्यांवरची पोरं. जुन्या शाळेचा पट घसरतो. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानुसार सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला की तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. शिक्षक नाही म्हणून पोरं जातात, पोरं नाहीत म्हणून शाळा जाते. शाळा कोणी बंद करत नाही हो, ती आपोआप 'बंद पडते'!

शिक्षण हक्क कायद्याचे आपल्या राज्यातले नियम सांगतात : पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. कायद्याने पोराला जवळच्या शाळेचा हक्क दिलाय, सोडतीचं तिकीट नाही.

माझा नव्या शाळांना विरोध नाही. विज्ञानाची काढा, खेळाची काढा, संगीताची काढा. पण तीन अटी घाला. आधी परिसरातल्या प्रत्येक शाळेतली शिक्षकांची रिकामी पदं भरा. नव्या शाळेसाठी जुन्या शाळेचे शिक्षक उचलू नका. आणि प्रवेशात पहिला मान शेजारच्या वस्तीला द्या, लांबच्या गरीब मुलांना बस फुकट द्या.

आता तुमचं काम. नगरसेवक भेटला की एवढंच विचारा : आपल्या प्रभागातल्या शाळेत शिक्षक मंजूर किती आणि रोज हजर किती? उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये लिहा. नाही मिळालं तर तेही लिहा, मी बातमी करतो.