पाठ केलेलें विज्ञान व पारखलेलें विज्ञान

आज आम्ही प्रथम आमचाच दोष पदरीं घेतों. वीस वर्षें आम्ही खेड्यांतील मुलांना विज्ञान शिकवीत आलों, पण कसें? साहित्य, कृति, निरीक्षण, अनुमान हे चार मथळे फळ्यावर लिहून! मुलांनीं निरीक्षण उतरून घेतलें. केलें मात्र कोणींच नाहीं. अध्यापक विद्यालयांत आम्हीही तसेंच शिकलों होतों.

येवल्याचा हा मुलूख पैठणीचा. एके दिवशीं आम्हीं वर्गांत दोन धागे ठेवून विचारलें, "यांत खरें रेशीम कोणतें?" रेशीम हा प्राणिज धागा आहे, हें वाक्य सर्वांस पाठ, पण धागा ओळखतां कोणास येईना. तेव्हां ज्यास आम्ही ढ समजत होतों, तो विणकराचा मुलगा शेवटच्या रांगेंतून म्हणाला, "गुरुजी, जाळून पाहा." आम्हीं चिमट्यांत धरून दोन्ही धागे जाळले. एकास केस जळाल्याचा वास आला व त्याची राख बोटानें चुरली. दुसरा वितळून त्याचा कठीण मणि झाला. लगेच एका मुलीनें विचारलें, "केसाचाच वास कां?" केस व रेशीम दोन्ही प्रथिनांचे, हें उत्तर मग कोणास घोकावें लागलें नाहीं. कोणी म्हणेल, प्रयोगास पैसा कोठून आणावा? दोन धागे व एक काडी, यांस किती पैसा लागला?

ही मागणी नवी नव्हे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं सांगितलें कीं, नमुन्याच्या शेतावर शेतकीचें प्रत्यक्ष शिक्षण द्यावें, आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्यास न लाजणारे शिक्षक नेमावे. पुढें १९७२ सालीं मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १६ शाळांतून मुलें स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकूं लागलीं. तें काम शेंकडों शाळांत पसरलें; ३० वर्षें चाललें; आणि २००२ सालीं सरकारनें बंद केलें.

सरकारच्या मर्जीवर जगणारें काम सरकारच्या मर्जीनेंच मरतें. म्हणून आईबापांनींच तें हातीं धरलें पाहिजे. मुलांनीं कृतींतून व शोधांतून शिकावें, असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांतच लिहिलें आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. तेथें जाऊन आम्हां मास्तरांस विचारा, "या आठवड्यांत मुलांनीं काय करून पाहिलें?" चाळींतला कांदा कां सडतो, रेशीम खरें कीं खोटें, हें ज्यास पारखतां येतें, त्यास व्यापारी वा बुवा सहज फसवूं शकत नाहीं.

तेव्हां बंधूंनो, येत्या सभेच्या दिवशीं घटकाभर माग थांबवा, औत सोडा. पण शाळेंत या.