सही झाल्यावर संसद

मे २०२५ च्या उत्तरार्धात खासदारांची सात शिष्टमंडळे परदेशी रवाना झाली. पहलगामचा हल्ला, ‘ऑपरेशन सिंदूर’ आणि त्यामागची भारताची भूमिका जगाला पटवून द्यायची, हे त्यांचे काम. त्यांतल्या दोन शिष्टमंडळांचे नेतृत्व सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे यांच्याकडे होते. सत्ताधारी आणि विरोधक एका विमानात बसले, परक्या राजधान्यांत एका सुरात बोलले आणि तिथल्या खासदारांच्या अडचणीच्या प्रश्नांना सामोरे गेले. हे उत्तमच झाले. पण याच खासदारांना आपल्या सभागृहात या कारवाईवर बोलायला मिळाले ते जुलैच्या अखेरीस. कारवाई ७ मेची, संघर्ष थांबला १० मे रोजी, आणि तो थांबल्याची पहिली बातमी देशाला मिळाली ती अमेरिकी अध्यक्षांच्या समाजमाध्यमावरील संदेशातून. विशेष अधिवेशनाची मागणी विरोधकांनी लावून धरली होती. सरकारने ती मानली नाही. परदेशी लोकप्रतिनिधींना जी माहिती मे-जूनमध्ये देता येते, ती भारताच्या लोकसभेत द्यायला २८ जुलै का उजाडावा लागतो?

याचे खापर एकट्या आजच्या सरकारवर फोडून मोकळे होता येणार नाही. परराष्ट्र आणि संरक्षण हा सरकारचा राखीव प्रांत, संसदेने तिथे टाळ्या वाजवायच्या किंवा फार तर निषेध नोंदवायचा, अशी समजूत दिल्लीत आलेल्या प्रत्येक पक्षाने जपली आहे. विरोधात असताना ज्यांना संसदेचा अधिकार आठवतो, त्यांनाच सत्तेत गेल्यावर राष्ट्रहिताची गोपनीयता आठवते.

राज्यघटना मात्र असे काही सांगत नाही. परराष्ट्रांशी तह आणि करार करणे हा सातव्या परिशिष्टातील संघसूचीचा चौदावा विषय आहे. युद्ध आणि शांतता हा पंधरावा. म्हणजे या दोन्ही बाबींवर कायदा करण्याचा पूर्ण अधिकार संसदेला आहे. अनुच्छेद ५३ सैन्यदलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे देतो आणि त्याच वाक्यात सांगतो की, त्या अधिकाराचा वापर कायद्याने नियमित केला जाईल. तो कायदा करायचा कोणी? संसदेनेच. सरकारला आज जी मोकळीक आहे ती अनुच्छेद ७३ मुळे: ज्या विषयांवर संसद कायदा करू शकते, त्या विषयांवर केंद्राची कार्यकारी सत्ता चालते. संसदेने कायदा करून रीत घालून दिली, तर सरकारला त्या रीतीनेच जावे लागेल. करार कसे करावेत, ते कोणासमोर ठेवावेत, परदेशात फौज कधी आणि कोणाच्या संमतीने पाठवावी, यांची चौकट घालणारा कायदा संसदेने प्रजासत्ताकाच्या पाऊणशे वर्षांत केलेला नाही. नव्वदच्या दशकात जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्या सदस्यांनी खासगी विधेयके आणली, ती तशीच विरली. न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना आढावा आयोगाने २००२ मध्ये करारांसाठी संसदेने कायदा करावा अशी शिफारस केली, तीही फडताळात गेली. संसदेचा हा अधिकार कोणी हिसकावून घेतलेला नाही. तिने तो वापरलाच नाही, आणि म्हणूनच ही जबाबदारी आज सभागृहात बसलेल्या प्रत्येक खासदाराची आहे, सत्ताधारी बाकांवरच्यांची सर्वांत आधी.

यातून काय घडते हे अमेरिकेबरोबरच्या नागरी अणुकराराने लख्ख दाखवले. करार दोन देशांमधला. अमेरिकेत त्यासाठी २००६ मध्ये आधी ‘हाइड कायदा’ झाला. पुढे कराराचा मसुदा प्रतिनिधीगृहासमोर गेला, तिथे २९८ विरुद्ध ११७ मतांनी संमत झाला. १ ऑक्टोबर २००८ रोजी सिनेटने तो ८६ विरुद्ध १३ मतांनी मान्य केला. कोणत्या सदस्याने भारताशी अणुव्यापाराच्या बाजूने मत दिले आणि कोणी विरोधात, याची नोंद आहे. आणि भारतात? इथे करारावर मतदान झालेच नाही. डाव्यांनी पाठिंबा काढला म्हणून २२ जुलै २००८ रोजी मनमोहन सिंग सरकारवर विश्वासदर्शक ठराव आला आणि तो २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला गेला. त्या दिवशी लोकसभेत नोटांची बंडले उंचावली गेली आणि देशाच्या मनात तेवढेच दृश्य राहिले. सरकार राहावे की जावे, हा त्या दिवसाचा प्रश्न होता. करारातली कलमे कोणती, अणुचाचणीच्या आपल्या हक्काचे काय, इंधनपुरवठ्याची हमी कितपत पक्की, यांवर भाषणे झाली. पण करार हवा पण हे कलम नको, असे म्हणायची सोय एकाही खासदाराला नव्हती. ज्या करारासाठी भारताच्या पंतप्रधानांनी आपले सरकार पणाला लावले, त्याची कलमवार तपासणी परक्या विधिमंडळाने केली.

संसदेच्या हाती विषय आला की काय होते, तेही याच प्रकरणात पुढे दिसले. अणुभट्टीत अपघात झाला तर भरपाई कोण देणार, यासाठी कायदा लागणार होता, त्यामुळे विधेयक संसदेत आणणे भाग पडले. मूळ मसुद्यात भट्टी चालवणाऱ्याच्या दायित्वाची मर्यादा ५०० कोटी रुपये होती. स्थायी समितीने लोकांना बोलावले, कागद तपासले आणि ती १,५०० कोटींवर नेण्याची शिफारस केली. सदोष यंत्रसामग्री देणाऱ्या पुरवठादारावर दावा करण्याची वाट २०१० च्या कायद्यात आली ती खासदारांच्या रेट्यामुळेच. त्याच वर्षी जूनमध्ये भोपाळ वायुकांडाचा निकाल लागला होता आणि पंचवीस वर्षांनी मिळालेल्या किरकोळ शिक्षांनी देश संतापलेला होता. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर जैतापूर प्रकल्पासाठी जमिनी जात होत्या. तिथल्या शेतकऱ्याला आणि साखरी नाट्याच्या मच्छीमाराला ही भरपाईची कलमे पुस्तकी नव्हती. परदेशी कंपन्यांना तो कायदा रुचला नाही. त्या कलमांचे बरेवाईट काहीही म्हणा. पण करारात ज्या माणसाचा उल्लेख नव्हता, तो या कायद्यात आला, आणि तो आला कारण विषय सभागृहात गेला.

बेरुबाडीचा दाखला याहून जुना. १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात करार झाला. त्यात पश्चिम बंगालमधील बेरुबाडीचा निम्मा भाग पाकिस्तानला देण्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये निःसंदिग्ध मत दिले: देशाची भूमी दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्ती हवी, सरकारची सही पुरणार नाही. या एका मतामुळे बांगलादेशाबरोबरचा १९७४ चा सीमाकरार चाळीस वर्षे रखडला, हे खरे. १११ भारतीय आणि ५१ बांगलादेशी छिटमहालांतली, म्हणजे दुसऱ्या देशाने वेढलेल्या भूखंडांतली, माणसे तोवर कोणत्याच देशाची धड नव्हती, हेही खरे, आणि त्यांचे हाल कमी लेखता येणार नाहीत. मात्र २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती झाली तेव्हा दोन्ही सभागृहांत एकही मत विरोधात गेले नाही. २०१३ मध्ये विरोध करणाऱ्या पक्षांनीही बाजूने मत दिले. मधल्या काळात परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीने त्या विधेयकाचा अभ्यास करून ते मंजूर करा असे सांगितले होते. आज तो करार कोणा एका पक्षाचा राहिलेला नाही, म्हणून तो टिकला आहे.

भूमी द्यायची तर संसद लागते. माणसे पाठवायची तर लागत नाही. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगोलग भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. संसदेची पूर्वसंमती घेण्याची गरज कायद्यानेच नव्हती. शांतता राखायला गेलेली फौज ऑक्टोबरात लढाईत ओढली गेली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते. मोहीम किती दिवसांची, तिचे उद्दिष्ट काय, ते साधले नाही तर परत कधी फिरायचे, हे प्रश्न फौज निघण्याआधी कोणीतरी सरकारला उघडपणे विचारायला हवे होते. मतदान घ्यावे लागणार असते, तर त्यांची उत्तरे शोधावी लागली असती.

याच्या उलट घडले २००३ मध्ये. इराकवर अमेरिकेने हल्ला केल्यावर लोकसभेने एप्रिलमध्ये एकमताने निंदेचा ठराव केला. काही आठवड्यांतच भारताने इराकमध्ये एक डिव्हिजन पाठवावी म्हणून वॉशिंग्टनहून दबाव वाढला. दिल्लीतही त्याला अनुकूल वजनदार माणसे होती. १४ जुलैला वाजपेयी सरकारने नकार कळवला. त्या नकाराला संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाचा अभाव हे कारण दिले गेले. पण त्यामागे संसदेचा ठराव उभा होता, त्यामुळे तो देताना पंतप्रधान एकटे नव्हते. बलाढ्य मित्राला ‘नाही’ म्हणताना ‘आमची संसद मानणार नाही’ हे सांगता येणे ही पंतप्रधानांची ताकद असते. पुढे त्या युद्धाचे काय झाले, ते आठवले म्हणजे किती घरांचे कुंकू त्या नकाराने राखले, हे कळते.

पैशाच्या बाबतीतली कथा सर्वांत विदारक. संरक्षण खात्यावर संसदेचा म्हणून जो अंकुश आहे तो अनुदानाच्या मागण्यांचा. मार्च २०१८ मध्ये मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल संसदेत आला. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीपुढे सांगितले होते की, सैन्याची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे, अत्याधुनिक म्हणावी अशी जेमतेम ८ टक्के, आणि अर्थसंकल्पाने सैन्याच्या आशेवर पाणी फेरले आहे. सेवेतला इतका वरिष्ठ अधिकारी इतके स्पष्ट बोलतो, सत्ताधारी पक्षाचा निवृत्त सेनानी ते जसेच्या तसे छापतो. यावर सभागृहात दोन दिवस रणधुमाळी व्हायला हवी होती. त्याच आठवड्यात लोकसभेत सर्व खात्यांच्या मागण्या ‘गिलोटिन’ लावून, चर्चेविना, काही मिनिटांत मंजूर झाल्या, संरक्षणाच्याही. गोंधळ घालणारे विरोधक आणि तो पथ्यावर पाडून घेणारे सरकार, दोघेही त्याला जबाबदार. सप्टेंबरात समितीची फेररचना झाली तेव्हा अध्यक्षपदी खंडुरी नव्हते. २०२३ मध्येही सगळ्याच मागण्या चर्चेविना संमत झाल्या. त्या वर्षी संरक्षणाची तरतूद ५.९४ लाख कोटी रुपयांची होती.

यावर ठरलेले उत्तर येते: शत्रू ऐकत असतो, गुप्तता हवी. हवीच. पोखरणच्या चाचण्यांची तारीख संसदेला विचारून ठरवा, असे कोणी म्हणणार नाही. चाल करून जाणाऱ्या तुकडीचा मार्ग सभागृहात सांगा, असेही नाही. पण लोकसभेच्या नियमावलीत गुप्त बैठकीची तरतूद आहे. सभागृहनेत्याने विनंती करायची, प्रेक्षक सज्जे रिकामे करायचे आणि खासदारांना विश्वासात घ्यायचे. ती तरतूद आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. १९६२ मध्ये चिनी फौजा खाली उतरत असताना संसदेचे अधिवेशन अलीकडे ओढून ८ नोव्हेंबरला बोलावले गेले. गुप्त बैठकीची सूचना आली, ती नेहरूंनी नाकारली आणि युद्ध चालू असताना खुली चर्चा झाली. स्वपक्षीयांनीही कठोर शब्द वापरले. अधिवेशनाच्या तोंडावर कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळातून जावे लागले आणि संरक्षण खाते सांभाळायला यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. त्या चर्चेने चीनला काही नवे कळले नाही. देशाला मात्र पुष्कळ कळले.

त्या पराभवाच्या चौकशीवर २ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाणांनीच लोकसभेत निवेदन केले. प्रशिक्षण, सामग्री, अधिपत्य यांतल्या उणिवा त्यांनी सांगितल्या. अहवाल मात्र पटलावर ठेवला नाही. त्या घडीला ते समजण्यासारखे होते. पण हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा तो अहवाल साठ वर्षे उलटली तरी संसदेपुढे आलेला नाही. त्याचा मोठा भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, तेव्हा जगाने वाचला. एवढ्या काळात आलेल्या एकाही सरकारने तो भारताच्या खासदारांच्या हाती अधिकृतपणे दिलेला नाही.

नुसता कायदा करून सगळे सुरळीत होते, अशा भ्रमात राहू नये. अमेरिकेत १९७३ चा युद्धाधिकार कायदा आहे, साठ दिवसांची मुदत आहे, आणि तरी २०११ मध्ये लिबियावरची बॉम्बफेक ही कायद्याच्या अर्थाने ‘शत्रुत्वाची कारवाई’ नाहीच, असा युक्तिवाद तिथल्या प्रशासनाने केला. उलट, ब्रिटनमध्ये सक्तीचा कायदा नसताना २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावरील कारवाईचा ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी तो कौल मानला. सभागृहाला आपल्या मताची किंमत वाटली पाहिजे, हे खरेच. पण आपल्याकडे मत द्यायची वेळच येत नाही.

ती वेळ आणणे अवघड नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार करार पक्का होण्याआधी संसदेपुढे २१ कामकाजी दिवस ठेवावा लागतो. २४ जुलै २०२५ रोजी आपण ब्रिटनशी व्यापारकरारावर सही केली. तो तिथल्या पटलावर ठेवणे तिथल्या सरकारवर बंधनकारक आहे, इथल्या सरकारवर नाही. संघसूचीतल्या चौदाव्या आणि पंधराव्या विषयांवर एक साधा कायदा हवा. महत्त्वाचा करार पक्का होण्याआधी ठरावीक दिवस दोन्ही सभागृहांपुढे आणि स्थायी समितीपुढे राहील. परदेशी लढाऊ फौज पाठवायची तर आधी संमती, आणीबाणी असेल तर ठरावीक दिवसांत नंतर. लष्करी कारवाईनंतर इतक्या दिवसांत सरकार सभागृहात निवेदन करील. आणि संरक्षणाच्या मागण्या ‘गिलोटिन’खाली जाणार नाहीत, यासाठी लोकसभेच्या नियमांत बदल. मे २०२५ मध्ये परदेशी गेलेल्या शिष्टमंडळांत जवळजवळ सर्व मोठ्या पक्षांचे सदस्य होते. त्यांतल्या कोणीही असे विधेयक मांडावे. ते खासगी असले तरी चालेल. कोणत्या पक्षाने त्याला काय उत्तर दिले, याची नोंद तरी राहील.