मैदानी स्पर्धा आणि दूरचित्रवाणीचा प्रेक्षक

ऑलिंपिकच्या पंधरवड्यात आपण सारे ॲथलेटिक्सचे प्रेक्षक होतो आणि ज्योत विझताच तो खेळ विसरतो. धावणे, उडी मारणे, फेकणे हे तर शाळेच्या मैदानावर प्रत्येकाने केलेले असते. तरीही वर्षभर हा खेळ दूरचित्रवाणीवर प्रेक्षक टिकवू शकत नाही. ‘स्पर्धा लांबतात, त्या आटोपशीर करा’ असा उपाय त्यावर सुचवला जातो. माझ्या मते हे निदान अपुरे आहे आणि त्याची किंमत आपल्यासारख्या समाजातील मुलांना मोजावी लागते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये जागतिक महासंघाने एक निर्णय जाहीर केला. ‘डायमंड लीग’ या वार्षिक मालिकेचे प्रक्षेपण दीड तासात बसावे म्हणून २०० मीटर धावणे, ३००० मीटर स्टीपलचेस, तिहेरी उडी आणि थाळीफेक हे प्रकार २०२० च्या मुख्य कार्यक्रमातून वगळण्याचे ठरले. खेळाडूंनी विरोध केला. पुढे कोविडने तो हंगामच विस्कटला आणि २०२१ मध्ये हे प्रकार परतले.

परतलेल्या त्या स्टीपलचेसमध्येच २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे याने रौप्यपदक मिळवले. शेतकरी कुटुंबातला हा तरुण महार रेजिमेंटचा जवान. १९९८ ते २०१८ या सहा स्पर्धांत पुरुषांच्या या शर्यतीतील तिन्ही पदके केनियानेच नेली होती. साबळेचे सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पाय अडखळला तरी अडथळा पडत नाही, धावपटू पडतो. हे ज्याला ठाऊक आहे, तो ती आठ मिनिटे जागचा हलणार नाही. ज्याला ठाऊक नाही, त्याला गोल फिरणारी माणसेच दिसतील. कंटाळा शर्यतीच्या लांबीतून येत नाही, तो अज्ञानातून येतो.

भालाफेकीचे उदाहरण तर ताजे आहे. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकले. त्यानंतर भालाफेकीचा एकही नियम न बदलता घरोघरी लोक ९० मीटरच्या टप्प्याची वाट पाहू लागले आणि मे २०२५ मध्ये दोह्यात त्याने ९०.२३ मीटर गाठले, तेव्हा त्या आकड्याचे मोल कोणाला समजावून सांगावे लागले नाही. प्रेक्षकाच्या हाती मोजपट्टी आली की तो खेळाचा होतो.

प्रो कबड्डीचा दाखला माझ्या म्हणण्याविरुद्ध दिला जाईल. २०१४ पासून त्या लीगने काही नियम बदलले, हे खरे. परंतु चढाई आणि पकड हा गाभा तिने राखला आणि कॅमेरा व समालोचन यांच्या साह्याने तोच जवळून दाखवला. उलट २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रँड स्लॅम ट्रॅक’ या मालिकेने उड्या आणि फेकी पूर्णपणे वगळल्या. मोठी बक्षिसे जाहीर करूनही तिला पहिल्याच वर्षी लॉस एंजलिसचा अखेरचा टप्पा पैशाअभावी रद्द करावा लागला. कार्यक्रम आटोपशीर केल्याने प्रेक्षक येतोच असे नाही.

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. साताऱ्याच्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावल्या. वेळेची कात्री प्रथम अशा लांब शर्यतींवरच चालते. ज्या वाटेने आपल्या खेड्यापाड्यांतील मुले वर आली, तीच पडद्यावरून पुसली गेली, तर पुढच्या मुलीला ती दिसणार कशी?

म्हणून प्रक्षेपकांकडे मागण्या स्पष्ट असाव्यात. अंतिम शर्यत जाहिरातींनी न तोडता दाखवावी. धावपटूची आजवरची सर्वोत्तम वेळ आणि आघाडीपासूनचे अंतर पडद्यावर सतत असावे. समालोचन मराठीतही असावे. वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी यांत काम करणारे आपले माजी विद्यार्थी हे काम अंगावर घेऊ शकतात. शाळेनेही महत्त्वाच्या अंतिम स्पर्धा सभागृहात मुलांसमवेत पाहाव्यात आणि शिक्षकाने शेजारी उभे राहून त्या उलगडून सांगाव्यात. जाणता प्रेक्षक घडवणे हे शिक्षणाचेच काम आहे.