इमामसाहेबांचा जुब्बा



गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ मालेगावला निकाह पढवायला गेला. जुन्या नाशकातल्या लहानशा मशिदीत तो इमाम आहे. बरा म्हणावा असा पांढरा जुब्बा एकच. भावजयीनं पहाटे इस्तरी केली, गरम गरमच घडी घालून पिशवीत भरला आणि वर किताबं ठेवली. शंभरेक किलोमीटर एसटीचा प्रवास. तिथं जुब्बा काढला तर पाठीवर चौकोनच चौकोन! कुणीतरी म्हणालं, "मौलाना, झोपेतून उठून आलात का?" भाऊ हसून गप्प बसला. घरी आल्यावर भावजय मात्र रडली.

खरं तर तिची इस्तरी चोख होती. ओल आणि उष्णतेनं सुती धागा नरम पडतो आणि थंड होऊन सुकताना ज्या आकारात असेल तोच धरून बसतो. इस्तरीची कडक घडी याच गुणावर बसते, अन् सुरकुतीही! म्हणून इस्तरीनंतर जुब्बा अर्धा तास हँगरला राहू द्या. पॉलिस्टरचा कमी चुरगळतो खरा, पण मे महिन्यात मिंबरवर उभं राहणाऱ्याला विचारून बघा.

आमचे अब्बा जुब्बा उलटा करून चादरीवर पसरत, बाह्या पाठीवर घेत, लांबीत दुमडत आणि आत अम्मीची जुनी मलमलची ओढणी घालून सैल गुंडाळी करत. गुंडाळीला कोपरा नसतो, त्यामुळे वळही पडत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते. किताबं तळाशी, जुब्बा सर्वांत वर. अत्तर अंगाला लावावं. कापडावर तेलाचा पिवळा डाग राहतो.

ठेवणीतल्या जुब्ब्याची खळ आधी धुऊन काढा, खळीवर कसर येते. प्लॅस्टिक पावसाळ्यात ओल कोंडतं, त्यापेक्षा धुतलेली जुनी चादर बरी. डांबराच्या गोळ्या मला नकोतच. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर मुळीच नकोत; काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्यानं फुटतात.

आणि लग्नघरच्या बायांनो, नवरदेवाच्या शेरवानीसाठी अख्खी खोली राखता, मग इमामसाहेबांसाठी एक खुंटी आणि दहा मिनिटांचा आडोसा का नसावा?

परवा भाऊ सिन्नरला निघाला, तर भावजयीनं पिशवीत पाण्याची छोटी फवारणीची बाटलीही ठेवली होती. वळ दिसलाच तर हलकं पाणी मारून, हातानं ताणून, वाऱ्यावर टांगायचा. किताबं मात्र तिनं त्याच्या हातात दिली.