दिव्याआधी दोषाची शहानिशा

परभणी, नांदेड आणि अकोला या तिन्ही वाटा जिथे एकत्र येतात त्या पूर्णा जंक्शनवर ज्याची हयात गेली, त्याला रेल्वेचा एक दंडक ठाऊक असतोच: सिग्नलचा दिवा विझलेला आढळला, तर तो धोक्याचाच सिग्नल मानून गाडी थांबवावयाची. मोटारीच्या दर्शनी भागी दिवसा तेवणाऱ्या दिव्यांना, ज्यांना गॅरेजात सर्रास डीआरएल म्हणतात, हा मान नाही. त्यांतला एक विझला तरी गाडी बिनदिक्कत धावत राहते. वास्तविक हे दिवे चालकाला रस्ता दिसावा म्हणून नव्हेत, तर समोरून येणाऱ्याला आपली गाडी दिसावी म्हणून असतात. स्वीडनने १९७७ साली दिवसाही दिवे सक्तीचे केले, ते याच हेतूने; आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तोही याच हेतूने. उसाच्या हंगामात, धुक्याच्या सकाळी, ट्रॉल्यांच्या मागून ओव्हरटेक करणाऱ्याला त्याचे मोल विचारावे.

परंतु दिवा बंद पडला की चौकशीवाचून निकाल लागतो: 'आख्खा हेडलॅम्प बदला.' एलईडी अनेकदा हेडलॅम्पच्या सीलबंद पेटीतच असल्याने हा निकाल हजारो रुपयांचा ठरतो, आणि दोष मात्र पुष्कळदा दिव्याबाहेरच असतो. दोन्ही बाजू एकदम विझल्या तर फ्यूज, स्विच किंवा नियंत्रक पेटी यांची कैफियत आधी घ्यावी. एकच विझली तर त्या बाजूचा कपलर (तारांची जोडणी), अर्थिंग आणि सरतेशेवटी दिवा. इंडिकेटर लावताच त्या बाजूचा डीआरएल मंद होणे, हा तर कित्येक गाड्यांत दोष नव्हेच.

खरी फसगत व्होल्ट मोजणारा मीटर करतो. कपलर सोडून मोजल्यास, तारेचा एकच धागा शाबूत असला तरी तो बारा व्होल्ट दाखवितो, कारण मीटरला विद्युत्प्रवाह नाममात्र लागतो. भार पडताच तो धागा हात टेकतो. म्हणून कपलर जोडून, दिवा चालू स्थितीत ठेवून, मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूस आणि दुसरे दिव्याच्या अर्थिंगच्या पिनेस लावावे. आकडा शून्याजवळ असला पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर दोष अर्थिंगचा, दिव्याचा नव्हे. अशा वेळी पिनेवर हिरवा गंज किंवा बॉडीवरच्या नटाखाली चिखलाचा थर सापडतो, आणि काम खरवडून साफ करण्यावर भागते.

कारागिरालाच दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. सुट्या भागाचे पैसे आपण मुकाट्याने मोजतो आणि अर्धा तास खपून केलेल्या तपासणीचे द्यावयास नाखूश असतो. मग त्याने शोध का घ्यावा? तेव्हा गाडीमालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की तपासणीची मजुरी वेगळी ठरवून आनंदाने द्यावी, आणि दोष कोठे सापडला व मीटरवर काय आकडा आला, हे बिलावर लिहून मागावे.